पंखाचा पीळ

दोन्ही हात बाजूला पसरायचे, मग थोडे मागे न्यायचे, आणि शेवटी मनगटं वळवून अंगठे जमिनीकडे झुकवायचे. ताई हे कुठेही करायची. दहिवलीच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघताना, भाजीवालीसमोर, विहारात वंदना संपल्यावर चपला शोधता शोधता. एकदा एका नव्या रिक्षावाल्याने काळजीने विचारलं, "मॅडम, खांदा आखडलाय का? आमच्या मेव्हण्याकडं तेल हाय."

"खांदा ठीक आहे," ताई म्हणाली. "टोकं बघत होते."

गल्लीतली पोरं तिच्या मागून तसेच हात टाकून धावायची. ती वळून रागवायची, पण चिडवल्याबद्दल नाही. "अंगठे खाली घे रं! वर ठेवलेस तर पडशील. आधी टोकं सुटतात, किती वेळा सांगू?"

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. एकच वाक्य आयुष्यभर बोलतात आणि लोक त्याला सवय समजतात. ताईचं ते वाक्य सवय नव्हतं. ती इशारा देत होती.

ताई माझी सख्खी नव्हे. आमची आणि तिची भिंत एक. अख्खी गल्ली तिला ताई म्हणायची, तिच्याहून वडीलधारी माणसंसुद्धा, कारण विमानाचं शिक्षण घेतलेली आमच्यात ती एकटीच. खालापूरच्या बाजूला डोंगर कापून एक खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं, तिथे ती शिकवायची. कॉलेजच्या जाहिरातीत लढाऊ विमानाचं चित्र होतं. विमानशाखेत प्रत्यक्षात होती एक लांबट खोली, हवा मोजायचा एक बंद पडलेला बोगदा आणि ताई. तिचा विषय विमानाची स्थिरता आणि नियंत्रण. त्यातही मागे झुकवलेल्या पंखांची.

माझ्या घरी पत्रकं होती. बाबांनी चळवळीत वाटलेली, उरलेली, पलंगाखाली गठ्ठ्यांनी ठेवलेली. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर, त्यामुळे उद्गारचिन्ह नसलेलं वाक्य मला बरेच दिवस अर्धवट वाटायचं. ताईकडे मी जायचे ती भांडायला. ती वाद घालायची नाही, उदाहरण द्यायची, आणि त्याचा मला फार राग यायचा.

तिच्या घरात पुढच्या खोलीत भिंतीला टेकून एक पंख असायचा. फोमचा, आत कार्बनच्या नळ्या, वर पांढरी फिल्म. दोन्ही बाजू मागे झुकलेल्या, मधे पोट, शेपटी नाही; म्हणजे पंख हेच अख्खं बिनमाणसाचं विमान. आडवा ठेवला की अख्खी खोली अडायची, म्हणून तिची आई तो ओलांडताना दर वेळी पदर सावरून म्हणायची, "हिचं लगीन झालं आसतं तर जावईबी येवडी जागा अडवून बसला नसता गं."

शेपटी का नाही, हे मी विचारलं होतं. ताई म्हणाली, "खडकावर उतरायचंय. शेपटी पहिल्या उतरणीला मोडेल. म्हणून शेपटीचं काम पंखाच्या टोकांना दिलंय. टोकं मागे आहेत ना, ती नाक सांभाळतात."

"मग झालं की."

"झालं कुठे? मागे झुकलेल्या पंखावर हवा सरळ जात नाही, बाहेरच्या बाजूला घसरते. टोकाकडे जाऊन साचते, मंदावते. विमान हळू झालं की तिथली उचल सगळ्यांत आधी जाते. साध्या पंखाचं असं झालं तर नाक खाली येतं, वेग वाढतो, विमान आपोआप सावरतं. याची टोकं गेली की मागची बाजू खाली बसते आणि नाक वर जातं. नाक वर गेलं की वेग आणखी कमी. आणि वळवायच्या, सावरायच्या पट्ट्या कुठे बसवल्यात? टोकांवरच. म्हणजे ज्या क्षणी आवर घालायचा, त्याच क्षणी हातात काही नसतं."

मी ताडकन उठले होते, मला आठवतंय. "ताई, हे आपलंच आहे! डोंगरातल्या वाड्या म्हणजे टोकं! सगळा तोल त्यांच्यावर, आणि सुटतात त्याच आधी! मी यावर पत्रक लिहिते."

"माझ्या पंखाचं पत्रक करू नकोस," ती म्हणाली. "पंख म्हणजे पंख. त्याला दुखत नाही. वाडीला दुखतं. दोन्हींची भेसळ केलीस तर ना पंख सुधारेल ना वाडी."

मग तिने पंखावरच्या उभ्या पातळ पट्ट्या दाखवल्या. बाहेर घसरणारी हवा त्या अडवतात. "भाताच्या खाचराला बांध घालतात ना, तसं."

"हे काय मग? तुझं चालतं?"

"हे उदाहरण आहे. तपासून बघता येतं. तुझं पत्रक तपासता येत नाही."

दुसरा उपाय तो पीळ. पंख बनवतानाच टोकं किंचित पुढून खाली पिळायची, म्हणजे मधला भाग आधी थकतो आणि टोकं शेवटपर्यंत काम करत राहतात. तिचे अंगठे त्यासाठीच जमिनीकडे झुकायचे. पीळ जास्त झाला की वजन उचलवत नाही, कमी झाला की जीव वाचत नाही. ती कित्येक हिवाळे तो शोधत होती. कापणी झालेल्या शेतात आम्ही ते उडवायचो. ताई हातात रिमोटसारखा नियंत्रक घेऊन बांधावर, मी पडलेले तुकडे गोळा करायला. पडायचं ते नेहमी एकाच तऱ्हेने. नाक वर, क्षणभर थबकणं, मग एक खांदा टाकून गिरकी. ताई म्हणायची, "बघ, किती छान चढतंय असं वाटतं ना? तेव्हाच ते गेलेलं असतं."

एका हिवाळ्याच्या शेवटी ते पडायचं थांबलं. हळू झालं तरी नाक शांत. ताई बांधावर बसली आणि चणे खात राहिली. तिला त्याहून जास्त आनंद झालेला मी कधी पाहिला नाही.

हे सगळं कशासाठी, तेही सांगते. तिची आई सरकारी नर्स होती. कोंडाणे गावाच्या वर डोंगरात एक वाडी आहे, रस्ता नाही, मधला ओढा पावसात उतरू देत नाही. तिथे एक बाई बाळंत झाली आणि रक्त थांबेना. आई तिथेच होती, बाळ तिनेच काढलं होतं. रक्त थांबवायचं इंजेक्शन बर्फात ठेवावं लागतं, म्हणून ते खाली केंद्रात होतं. एक माणूस पळत गेला. बाईला घोंगडीच्या झोळीत घालून, झोळी बांबूला बांधून इतरांनी खाली आणायला घेतलं. ओढ्यापाशी दोन्ही थांबले. अलीकडे झोळी, पलीकडे इंजेक्शन घेतलेला माणूस, मधे पाणी. आई ही गोष्ट सांगायची तेव्हा आवाज चढवायची नाही. एवढंच म्हणायची, "दिसत व्हतं गं. त्येच्या हातातली पिशवी दिसत व्हती."

ताईचा पंख त्या ओढ्यावरून जाणार होता. बर्फाची पिशवी पोटात घेऊन वाडीच्या खडकावर उतरणार होता.

कॉलेजला हे कळलं तेव्हा कॉलेज फार खूश झालं. संस्थेच्या अध्यक्षांनी मोठ्या पाहुण्यांना बोलावलं. ठरलं ते असं: पायथ्याच्या माळावरून उड्डाण, वर वाडीच्या खडकावर उतरणं. नीट उतरलं तर आरोग्य केंद्र पावसाळ्यासाठी ते घेईल, पाहुणे तिथेच जाहीर करतील. नाही उतरलं तर विषय संपला. याहून सोपी अट मी ऐकलेली नाही.

त्या दिवशी सकाळी माळावर मांडव, खुर्च्या, नारळ. ताईने पंख बाहेर काढला तर कार्यक्रमाचे संयोजक हातात फ्लेक्सचे दोन तुकडे घेऊन उभे. एकावर पाहुण्यांचा हसरा चेहरा, दुसऱ्यावर अध्यक्षांचा. हे संयोजक म्हणजे कॉलेजातलेच एक प्राध्यापक, माणूस वाईट नव्हता.

"मॅडम, हे टोकांवर लावायचेत. मधे कॉलेजचं नाव आहे ना, मग फोटोत चेहरे टोकांवरच दिसतील."

"टोकांवर काही लावायचं नाही," ताई म्हणाली. "टोकं मागे आहेत. तिथे वजन लावलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो. मग मी काहीही केलं तरी ते नाक वर घेणार."

"अहो, कागदासारखं आहे. वजन कसलं?"

"तोलून बघा."

तो तोलायला गेला नाही. माझ्याकडे बघून हसला. "तुमच्या ताई भारी कडक आहेत बुवा." ताईने फ्लेक्स स्वतःच्या हाताने बाजूला ठेवले, त्याच्याकडून लावणार नाही असं तोंडाने वदवून घेतलं, आणि आम्ही वर चढायला लागलो. उतरवायचं तिला वाडीतून होतं. खालून उडवायला तिचा एक सहकारी होता, तो उडवणार आणि अर्ध्या डोंगरावर ताई ताबा घेणार. शेतात हे कितीदा करून झालं होतं.

आम्ही वर पोचलो तर खडकावर वाडीतली सगळी पोरं रांगेने बसवलेली, हातात कागदी झेंडे. टाळ्या वाजवायला. ताई म्हणाली, "यांना उठवा." कॉलेजचा एक शिपाई म्हणाला, "फोटो हाय मॅडम, मला तसं सांगितलंय." ताई पोरांना उठवायला पुढे झाली, तेवढ्यात खालून घरघर ऐकू आली.

ते आलं. पांढरं, मागे झुकलेलं, ओढ्यावरून. तुम्ही कधी करकोचा जवळून पाहिला असेल तर तसं, आवाज सोडला तर. ताईने ताबा घेतला आणि तिचा चेहरा बदलला. मी तिच्याकडे बघत होते म्हणून मला कळलं. पंखाच्या टोकांवर रंग होता.

आम्ही पाठ फिरवल्यावर त्यांनी ते लावले होते. आणि एक गोष्ट नंतर कळली. फ्लेक्सवर पाहुण्यांचा चेहरा अध्यक्षांपेक्षा मोठा असावा लागतो, हा आपल्याकडचा नियम तुम्हाला माहीत आहेच. चौकाचौकात तो पाळला जातो. इथेही पाळला गेला. डाव्या टोकावरचा तुकडा उजव्याच्या दुप्पट होता.

वेगात होतं तोवर ते चाललं. वेग ठेवून आणलं असतं तर ते येऊन आदळलं असतं, मोडलं असतं, पण आदळलं असतं त्या खडकावर. खडकावर पोरं होती. ताईने वेग कमी केला.

नाक वर जायला लागलं. हळू, डौलात. पोरांनी झेंडे हलवले. वाडीतल्या बायका म्हणाल्या, "चढलं गं, चढलं बघ!" खाली मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला, तो वरपर्यंत ऐकू आला. ताईचे दोन्ही अंगठे नियंत्रकाच्या कांड्यांवर पांढरे पडले होते. ती एवढंच म्हणत होती, "नाक... नाक..." मग ते थबकलं, डावा खांदा टाकला, आणि गिरक्या घेत खालच्या कारवीच्या झुडपांत गेलं.

टाळ्या लगेच थांबल्या नाहीत. लोकांना तोही कार्यक्रमाचा भाग वाटला.

पोटातला डबा फुटला. त्यात ताईने तोलून ठेवलेल्या औषधाऐवजी कुणीतरी त्याच वजनाचे पेढे भरले होते. ताई म्हणाली, निदान ते तरी तोलून भरले. पोरांनी कारवीतून वेचून खाल्ले. त्यांच्यापुरता दिवस चांगला गेला.

कॉलेजने चौकशी समिती नेमली. सिव्हिलचे एक, कॉम्प्युटरचे एक आणि ग्रंथपाल. पंखाचा उजवा अर्धा त्यांच्याकडे होता. डावा सापडला नाही म्हणाले, शोधला असेल असं मला वाटत नाही. ताईने घरी येऊन सगळं सांगितलं, एक शब्द इकडेतिकडे न करता.

"पडलं तेव्हा ताबा कुणाकडे होता?"

"माझ्याकडे."

"वेग कुणी कमी केला?"

"मी."

"का?"

"खडकावर पोरं होती."

"पोरं तिथे कशी?"

"तुम्हीच टाळ्या वाजवायला बसवली होती."

यावर ग्रंथपाल खोकले म्हणे. मग सिव्हिलच्या सरांनी पंखावर पट्टी धरली आणि विचारलं, "मॅडम, हा पंख टोकाला वाकडा कसा? बनवतानाच चूक झालेली दिसते."

"वाकडा नाही. पीळ दिलाय."

"म्हणजे वाकडाच ना?"

तसंच लिहिलं गेलं. बांधणीत दोष, पंख वाकडे, ताबा मॅडमकडे. फ्लेक्सचा उल्लेख नाही. ताईने लिहून मागणी केली की फ्लेक्सचा तुकडा तोलून बघा, उजव्यावरचा तुमच्याकडे आहेच. तुकडा कुणी तोलला नाही. मी आजही म्हणते, या जिल्ह्यात एक चेहरा तराजूत घालायची कुणाची हिंमत झाली नाही.

मी पत्रक लिहिलं. रात्रंदिवस संतापून लिहिलेलं ते पान घेऊन ताईकडे गेले. तिने पेन घेतलं आणि विशेषणं कापायला सुरुवात केली. "निर्लज्ज काढ. खुनी काढ, कुणी मेलेलं नाही."

"अजून नाही मेलेलं!"

"मग तसं झालं की लिही." उद्गारचिन्हं गेली. पंख आणि वाडीची माझी सगळी तुलना गेली. उरलं ते एवढंच: टोकांवर फ्लेक्स लावले. डावा मोठा होता. वजन मागे गेलं. नाक वर जाऊन विमान पडलं.

"हे कोण वाचणार, ताई?"

"ज्याला तपासायचंय तो."

मी ते छापलं आणि कर्जत स्टेशनबाहेर वाटलं. लोकांनी घेतलं, बघितलं, आणि कशाची जाहिरात आहे ते न कळून परत दिलं. एकाने विचारलं, "ड्रोन भाड्यानं मिळतं का? लग्नाचं शूटिंग हाय." मी ताईला सांगितलं तर ती हसली. त्या दिवसांतलं तिचं तेवढंच हसू.

विमानशाखा पुढच्या वर्षी बंद झाली. जाहिरातीतलं लढाऊ विमान मात्र तसंच आहे. ताईला सांगितलं की तुमच्या योग्य जागा नाही. तिने आणखी एक पंख बनवायला घेतला होता, तो आईने गुडघ्याच्या दुखण्याने ओलांडता येत नाही म्हणून उभा करून ठेवला, मग माळ्यावर गेला. आरोग्य केंद्राला तिने पत्रं दिली. त्यांचं म्हणणं एकच, पडलेली वस्तू आम्ही घेऊ शकत नाही. तिच्याबद्दल कुणी वाईट बोललं नाही. तिच्याशी बोलणंच थांबलं. गल्लीतल्या पोरांचा खेळ बदलला, आता ती नाक वर करून थबकतात आणि गिरक्या घेत पडतात. ताई ते बघायची आणि घरात जायची.

मग ती आईला घेऊन पनवेलच्या पुढे कुठेतरी गेली. एका क्लासमध्ये गणित शिकवते. निघताना नाक्यावर मी सोबत होते. टेंपो यायला उशीर झाला. मी वाट बघत होते की ती हात पसरेल, मनगटं वळवेल. तिने हात पिशवीवर घट्ट ठेवले होते. आई टेंपोत पुढे बसताना मला म्हणाली, "येत जा गं. हितं भांडायला कोन नाय ऱ्हायलं हिला."

परवा मी वाडीत गेले होते. रस्त्याच्या मागणीवर सह्या हव्या होत्या. एका घरामागे कोंबड्यांचं खुराडं, त्याच्यावर छप्पर म्हणून पांढरं काहीतरी. जवळ गेले तर पंखाचा डावा अर्धा. फिल्म काही ठिकाणी सोललेली. टोकावर पाहुण्यांचा चेहरा, दोन पावसाळे खाऊनही रंग न गेलेला, तसाच हसरा. चेहऱ्याच्या कपाळावर एक भला मोठा दगड.

घरातली म्हातारी बाहेर आली. "त्ये इमान पडलं ना, त्येचं हाय. पाणी लागत नाय त्येला. पन ह्ये टोक बसतच नाय खाली. बनवनाऱ्यानं वाकडं बनवलंय. मंग ठेवला दगुड."

"वाकडं नाही, आजी. पीळ दिलाय."

"आसंल. कोंबड्यांला काय त्येचं?" मग तिला वाटलं मी ते मागायला आले. "न्यायचं आसंल तर ने गं. पन त्येच्याबदली पत्रा आनून दे."

मी नेलं नाही. कुणाला दाखवणार होते? दगड उचलून बघितला. टोक किंचित वर आलं, तिने दिला होता तेवढा पीळ अजून धरून. मी दगड परत ठेवला. सह्या घेतल्या. ओसरीवर म्हातारीची सून बसली होती, अंगठा उठवताना पोटामुळे तिला पुढे वाकता येईना, म्हणून मी कागद तिच्या हाताखाली धरला.

उतरताना रेंज आली तेव्हा खुराड्याचा फोटो ताईला पाठवला. लिहिलं, बघ, फ्लेक्स. बघ, पीळ. तुझंच बरोबर होतं. मला वाटलं होतं तिला निदान एवढं तरी मिळावं.

उत्तर ओढा ओलांडेपर्यंत आलं. तिने चेहऱ्याबद्दल विचारलं नाही, पंखाबद्दलही नाही. फोटोच्या कडेला, खुराड्याला टेकून एक लांब बांबू उभा होता, त्याला घोंगडी बांधलेली. माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

"झोळी कुणासाठी बांधून ठेवलीय?" तिने विचारलं.

"सुनेसाठी," मी लिहिलं. त्यात एकही विशेषण नव्हतं.